अगदी अस्सल बंद पडते मी

मी एक जीप बोलतेय. दचकू नका. ज्या घरात माझ्या एका बोल्टवर चार शहाणीसुरती माणसं तीन-तीन तास बोलतात, त्या घरात मी दोन शब्द बोलले तर बिघडलं कुठं? माझं वय, माझा रंग, माझ्या अंगावरचे डाग हे सगळं चारचौघांत चघळून झालंय. माझ्या पोटाखाली आरसा सरकवून अनोळखी माणसांनी आतलं बघितलंय. कुठल्या बाईला हे खपेल? मी इतकी वर्षं गप्प बसले, तेव्हा आज माझी पाळी.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. आम्ही एका ओळीत चाळीस बहिणी होतो, सगळ्या हिरव्या. त्यातल्या शेवटच्या सातजणींच्या वेळी रंग कमी पडला. शनिवार होता, रंगाऱ्याला घरी जायची घाई होती. त्याने उरलेले दोन डबे एकत्र ओतले, काठीने ढवळले आणि आम्हाला रंगवून तो मोकळा झाला. त्या सातजणींतली मी एक. हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे या रंगावरून दोन सख्ख्या मित्रांचं बोलणं बंद झालं.

आणखी एक गोष्ट लपवत नाही. मी जन्मतःच अधू होते. माझा पेट्रोलचा पंप धुराच्या गरम नळीला अगदी खेटून बसवला होता. दुपारच्या उन्हात ती नळी तापली की पंपातलं पेट्रोल उकळून त्याची वाफ व्हायची आणि मी रस्त्यात मटकन बसायचे. थंड होईपर्यंत ढिम्म हलायचे नाही. आम्हा चाळीसही जणींना हीच खोड होती. कारखान्याने ती पुढे सुधारली म्हणतात, पण तोवर आम्ही सासरी गेलो होतो.

माझं सासर म्हणजे गुरांचा सरकारी दवाखाना. तिथले डॉक्टर तेव्हा तिशीचे, उंच, काटकुळे होते. पहिल्या दिवशी ते माझ्याजवळ आले, बॉनेटवर दोनदा थोपटलं आणि म्हणाले, "घाबरू नकोस." नव्या जनावराजवळ जाताना ते असंच म्हणायचे. मला ते जनावर समजतायत याचा मला आधी राग आला. मग त्यांचं जनावरांवर किती प्रेम आहे ते कळलं आणि राग गेला.

पहिल्या उन्हाळ्यात मी आठवड्यातून चारदा बंद पडले. एकदा रेडकू आडवं आलेल्या एका म्हशीकडे निघालो होतो, तेव्हाही मी वाटेत बसले. डॉक्टर औषधांची पेटी डोक्यावर घेऊन दोन मैल पळाले. म्हैस वाचली, रेडकू गेलं. परत आल्यावर ते मला एक शब्दही बोलले नाहीत. मला ते बोलणी खाण्यापेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मला मिस्त्रीकडे नेलं. मिस्त्री बोलायला कमी, कामाला वाघ. त्याने माझं इंजिन तासभर नुसतं न्याहाळलं. मग दुकानाच्या कोपऱ्यातला तेलाचा रिकामा डबा घेतला, कात्रीने कापला, ठोकून सपाट केला, आणि तो पत्रा गरम नळी आणि पंपाच्या मध्ये उभा करून दोन बोल्टांनी पक्का केला. पत्र्यावर डब्यावरचं अर्धं सूर्यफूल तसंच राहिलं होतं.

"झालं. आता उन्हात न्या, आगीत न्या," तो म्हणाला.

त्यानंतर सव्वीस वर्षं मी एकदाही उन्हाने बंद पडले नाही. पुस्तकं लिहिणाऱ्या कुणा इंजिनियरला जे सुचलं नाही ते एका डब्याने केलं.

ती सव्वीस वर्षं सांगायला बसले तर दिवस पुरणार नाही. ओढे, चिखल, नांगरलेली रानं, सगळं पालथं घातलं. मागच्या हुकाला हात धुवायची बादली लटकलेली असायची आणि ती सगळ्या रस्त्याला खडखडायची. एका वळूने माझ्या डाव्या मडगार्डला डोकं मारून ही एवढी पोच पाडली. डॉक्टर तेव्हा त्याच्याच खुराला पट्टी करत होते. वळूचा माझ्यावर का राग होता देव जाणे. पण त्या पोचेचा मला अभिमान होता. ती मी कमावली होती.

डॉक्टर निवृत्त झाले त्याच महिन्यात दवाखान्याने मला लिलावात काढलं. डॉक्टरांनी मला विकत घेतलं. दोन-चार वर्षं त्यांनी मला आठवड्याला बाजारात नेलं. मग त्यांचे गुडघे धरले, आणि मी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेले ती गेलेच. तिथे माझ्यात कोंबड्या राहायला आल्या. पुढच्या सीटवर एक, मागे तीन. लोकांना हे ऐकून वाईट वाटतं, मला नाही वाटलं. त्या रोज माझ्यात येऊन बसायच्या. मला जन्माला घातलं ते कुणीतरी बसावं म्हणूनच.

आता आमच्या चिरंजीवांकडे येते. चिरंजीव म्हणजे डॉक्टरांचा एकुलता एक मुलगा. तोही डॉक्टर, पण दातांचा. पन्नाशी जवळ आली तसं त्याला आयुष्यात काहीतरी कमी आहे असं वाटू लागलं. काहीजण अशा वेळी देवाधर्माला लागतात, हा जुन्या गाड्यांच्या मंडळाला लागला. मंडळात गेल्यावर त्याला कळलं की आपल्या शेडमध्ये चक्क खजिना पडलाय. तोवर त्याने तिकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी कोंबड्या बेघर झाल्या.

मंडळाचा धर्म एकच: अस्सल. गाडीतली प्रत्येक वस्तू कारखान्यातून निघाली तेव्हा होती तशीच हवी. दुरुस्त केलेलं चालत नाही, सुधारलेलं तर त्याहून नाही. आमचे चिरंजीव दिवसभर लोकांच्या तोंडात नकली दात बसवायचे आणि संध्याकाळी घरी येऊन माझ्यातला एखादा बोल्ट नकली निघाला म्हणून जेवायचे नाहीत.

दर रविवारी मंडळ आमच्या अंगणात भरायचं. त्यात एक स्क्रूकाका होते. जन्मभर शाळेत भूमिती शिकवलेली. माझ्या अंगावरच्या सगळ्या स्क्रूंच्या खाचा उभ्या, अगदी लंबरेषेत हव्यात, हा त्यांचा हट्ट. ते गुण्या लावून एकेक स्क्रू तपासायचे.

"हा तीन अंशांनी कलतोय," ते चष्मा सावरत म्हणायचे.

"मग जरा पिळा की," चहाचा ट्रे घेऊन आलेली सूनबाई म्हणायची.

"जास्त पिळला तर तुटेल, वहिनी."

"आणि सैल ठेवला तर पडेल."

"पडू दे. पण उभा पडला पाहिजे."

सूनबाई मला सवत म्हणायची. "सवतीला आंघोळ घालून झाली असेल तर जेवायला या," अशी रोजची हाक. पण तिच्या मनात माझ्याबद्दल अढी नव्हती. एकटी असली की ती माझ्या पायरीवर बसून भाजी निवडायची.

रंगाचा वाद अकरा आठवडे चालला. माझ्या अंगावरचा रंग कारखान्याच्या यादीतल्या एकाही हिरव्याशी जुळेना. एकजण म्हणाला, हा लष्करी हिरवा आहे. दुसरा म्हणाला, शेतकी हिरवा. दोघंही हमरीतुमरीवर आले. शनिवारचे दोन डबे आणि एक काठी हे उत्तर मला माहीत होतं, पण मला विचारतो कोण? शेवटी परदेशातून तिसराच हिरवा मागवला. तो मला मुळीच शोभत नाही.

मग मला पुरती सोडवली. अंगावरची पोच ठोकून काढली. मी ओरडले असते, पण हॉर्न आधीच काढून ठेवला होता. बादलीचा हूक कापला, कारण पुस्तकातल्या चित्रात तो नव्हता. आणि मग चिरंजीवांचा हात मिस्त्रीच्या पत्र्याला लागला.

"हा डबा कसला?" सगळे गोळा झाले. सूर्यफूल पाहून कुणीतरी हसलं.

डॉक्टर पडवीत खुर्चीवर बसून हे सगळं बघत असायचे. वय एक्क्याऐंशी. त्या दिवशी ते काठी टेकत उठले. "तो राहू दे रे. त्याच्यावाचून ती उन्हात चालायची नाही."

"बाबा, पुस्तकात तो नाहीये."

"पुस्तक कुठं उन्हातून जातं?"

"बाबा, तुम्हाला यातलं कळत नाही," चिरंजीव म्हणाले. सव्वीस वर्षं मला चालवलेल्या माणसाला ते असं म्हणाले. डॉक्टर परत जाऊन बसले आणि पत्रा भंगारात गेला.

आता खरी गोष्ट सांगते. डॉक्टरांचा गाडी चालवायचा परवाना त्या महिन्याच्या एकतीस तारखेला संपणार होता. पुन्हा मिळणार नाही, असं गुडघ्यांकडे बघून तपासणाऱ्याने स्पष्ट सांगितलं होतं. डॉक्टरांचं मागणं एवढंच होतं: त्याआधी एकदा मला चालवायचं. गावाबाहेरच्या माळापर्यंत जायचं आणि परत यायचं, बस्स. त्यांनी ते तीनदा मागितलं. मी मोजलंय.

पहिल्यांदा चिरंजीव म्हणाले, "रंग ओला आहे, बाबा." दुसऱ्यांदा म्हणाले, "सीटचं कापड नवीन आहे, सुरकुत्या पडतील." तिसऱ्यांदा म्हणाले, "आधी अस्सलपणाचा कागद हातात येऊ दे. मग बघू."

"अहो, नेऊ द्या ना त्यांना एकदा," सूनबाई म्हणाली.

"टायरला माती लागेल."

"मग टायर काय ओवाळायला असतात?"

चिरंजीव ब्रशने माझ्या टायरच्या खाचा साफ करत राहिले.

महिन्याच्या चोवीस तारखेला मैदानावर परीक्षा झाली. परीक्षक बाहेरून आले होते. हातात भिंग, पांढरे हातमोजे, आणि चेहऱ्यावर कुणाच्या तरी दहाव्याला आल्यासारखा भाव. त्यांनी माझे दोनशे अकरा बोल्ट बघितले. स्क्रूंच्या खाचा बघून ते क्षणभर डोळे मिटून उभे राहिले. स्क्रूकाकांना भरून आलं.

मग मैदानाला पाच फेऱ्या मारायच्या होत्या. भर दुपार होती. चौथ्या फेरीला नळी तापली, पंप उकळला, आणि मी सगळ्यांसमोर मटकन बसले. चिरंजीवांचा चेहरा उतरला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सव्वीस वर्षांत जी लाज झाकली गेली होती ती चव्हाट्यावर आली.

परीक्षक धावत आले. त्यांनी बॉनेट उघडलं, पंपाला हात लावला, चटका बसला तसा हात झटकला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"वाफ धरली!" ते ओरडले. "ही जशी तेव्हा बंद पडायची तशीच बंद पडली! अहो, बाकी सगळ्यांनी इथं काही ना काही लावून ठेवलेलं असतं. इतकी अस्सल बंद पडणारी गाडी मी पहिल्यांदा बघतोय!"

टाळ्या झाल्या. मला पहिला नंबर मिळाला. ज्या दोषापायी एक रेडकू गेलं, त्याचे मला जादा दहा गुण मिळाले. कागदावर मी किती मैल चालले तो आकडा लिहिला आणि खाली बारीक अक्षरात अट घातली की यापुढे गाडी प्रदर्शनाखेरीज चालवल्यास कागद रद्द होईल. मला ट्रकवर चढवून घरी आणलं. कागद चौकटीत घालून दिवाणखान्यात लागला.

डॉक्टरांनी ती बारीक अक्षरं भिंग लावून वाचली. मग चष्मा काढून पुसला. चौथ्यांदा त्यांनी काही मागितलं नाही. ते मागतील या भीतीने चिरंजीव दोन दिवस त्यांच्यासमोर आले नाहीत.

पण मंडळाच्या धर्माला सीमा नसते. अठ्ठावीस तारखेला परीक्षकांचा फोन आला. त्यांना मासिकात माझा फोटो छापायचा होता. बोलता बोलता त्यांना कळलं की मला पहिल्यापासून चालवणारा माणूस अजून हयात आहे.

"मूळ चालक?" फोनमधला आवाज अंगणात मला ऐकू आला. "चालू स्थितीत? अहो, मग तो बसवायलाच हवा!"

तर एकतीस तारखेला सकाळी अकरा वाजता डॉक्टरांना माझ्यात बसवायचं ठरलं. अख्खं मंडळ आलं. त्यांनी डॉक्टरांना तपासलं ते माझ्यासारखंच. जुना खाकी कोट पेटीतून निघाला. त्याला कसरीने पाडलेली भोकं बघून परीक्षक खूश झाले. हातातलं घड्याळ त्या काळातलं नव्हतं, ते काढलं. कानातलं यंत्र काढलं, आणि मग सगळे त्यांच्याशी ओरडून बोलू लागले.

"चष्म्याची काडी प्लास्टिकची आहे. तोही काढा."

"मग मला दिसणार कसं?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुम्हाला बघायचं नाहीये, काका. लोकांना तुम्हाला बघायचंय."

डॉक्टरांनी चष्मा कोटाच्या खिशात ठेवला. गुडघा वर येईना, म्हणून पांढरे हातमोजे घातलेल्या चौघांनी त्यांना अल्लद उचललं. माझं इंजिनही त्यांनी असंच उचललं होतं. "सांभाळून, सुटा भाग मिळत नाही," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. डॉक्टरही हसले.

आणि ते माझ्यात बसले. किती वर्षांनी! हात स्टिअरिंगच्या चाकावर आले, नेमके जिथं ते चाक त्यांनी झिजवलं होतं तिथेच. त्यांनी डॅशवर दोनदा थोपटलं. मला रडू आलं असतं, पण पुसायला मंडळ टपलेलंच होतं.

"आता किल्ली फिरवल्यासारखं करा, काका," फोटोवाला म्हणाला.

"फिरवल्यासारखं म्हणजे?"

"नुसतं तसं दाखवा."

"नुसतं तसं मला जमत नाही," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी किल्ली फिरवली.

मी पहिल्या झटक्यात सुरू झाले. "आवाज! आवाज घ्या!" परीक्षक आनंदाने ओरडले. डॉक्टरांनी शांतपणे खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, क्लच दाबला, पहिला गिअर टाकला. फोटोवाला बाजूला उडी मारून जास्वंदीत पडला. स्क्रूकाका गुण्या हलवत "अहो, अहो!" करत राहिले. चिरंजीव पिवळं फडकं हातात घेऊन फाटकापर्यंत पळाले. सूनबाईने मात्र पुढे होऊन फाटक पूर्ण उघडलं.

आम्ही निघालो. बाजाराचा रस्ता, टपाल कचेरी, मग वळण. डॉक्टरांचा वेग ताशी वीसच्या वर नव्हता, पण हात पक्का होता. वळणावर पाण्याचं डबकं होतं. बाजूने जायला वाट होती. त्यांनी मुद्दाम डबक्यातून नेलं. तो परदेशी हिरवा चिखलाने माखला तेव्हा मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

माळाचा चढ अर्ध्यावर आला आणि नळी तापली. मी जीव खाऊन ओढत होते. जमलं तेवढं ओढलं. मग डॉक्टरांनीच मला कडेला घेतलं आणि हँडब्रेक ओढला.

"पुरे. दमलीस," ते म्हणाले. राग नव्हता. खाली हात घालून त्यांनी बॉनेटची कळ ओढली आणि वाऱ्यावर ते थोडं उघडून ठेवलं.

दहा मिनिटांत चिरंजीव सूनबाईच्या स्कूटरवरून आले. फडकं अजून हातातच होतं. त्यांनी आधी चिखल बघितला, मग वाकून मैलांचा आकडा बघितला, मग वडिलांकडे बघितलं. क्रम हाच होता, मी खोटं बोलणार नाही.

"बाबा, हे काय करून बसलात? तो कागद आता रद्द होणार!"

डॉक्टरांनी कानाला हात लावून यंत्र नसल्याची खूण केली. चिरंजीव तेच मोठ्याने ओरडले.

"होऊ दे. माझाही आजच होतोय," डॉक्टर म्हणाले. "बस. ती थंड व्हायला पंधरा मिनिटं लागतील."

चिरंजीव उभेच राहिले. मग इकडेतिकडे बघून, सीटवरच्या चिखलासकट, माझ्यात बसले. चिरंजीवांनी पाण्याची बाटली पुढे केली. डॉक्टरांनी एक घोट घेतला आणि गाल धरला.

"काय झालं?"

"काही नाही. खालची दाढ. दोन महिने ठणकतेय."

"दोन महिने? अहो, मग मला सांगितलं का नाहीत?"

"तू रविवारी कामात असतोस."

चिरंजीवांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मैदानावर मी बंद पडले तेव्हाही इतका उतरला नव्हता. त्यांनी फडकं खाली ठेवलं, हात धुतले, आणि वडिलांची हनुवटी उन्हाकडे वळवली.

"आ करा. आणखी मोठा. इथं दुखतं? आणि इथं?"

डॉक्टरांनी जनावर करतं तसं मुकाट्याने तोंड उघडलं होतं.

"काढावी लागेल?"

"छे, काढायची कशाला? थोडी कोरून भरून टाकतो. अजून दहा वर्षं चालेल," चिरंजीव मोठ्याने म्हणाले. मग त्यांचा आवाज जरा बसला. "उद्या सकाळी पहिला नंबर तुमचा. मी स्वतः घेऊन जाईन."

डॉक्टर म्हणाले, "बरं." मग माळाकडे हात करून त्यांनी एका म्हशीची हकिगत सुरू केली. चिरंजीव ऐकू लागले, मधूनच काही विचारू लागले. स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून डॉक्टर आणि डॉक्टरांना ऐकू यावं म्हणून चिरंजीव, दोघंही ओरडून बोलतायत.

आता साडेबारा वाजून गेलेत. माळावर वारा चांगला आहे. खरं सांगायचं तर मी केव्हाच थंड झालेय. किल्ली फिरवली तर पहिल्या झटक्यात सुरू होईन. पण त्या दोघांपैकी कुणाचा हात किल्लीकडे जात नाही आणि मी आपणहून सांगणार नाही. तुमच्यापैकी कुणी या रस्त्याने येणार असेल तर माझ्यावर एवढे उपकार करा. काय झालं म्हणून विचारायला थांबू नका. धक्का मारू का, असं तर मुळीच म्हणू नका. सरळ पुढे निघून जा.